हृदयविकार आणि वैमानिकांची वैद्यकीय पात्रता

उड्डाण-परवान्यासाठी वैमानिकाचे हृदय व रक्तवाहिन्या तपासून त्याची योग्यता ठरविण्याची पद्धती. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १ नुसार व्यावसायिक वैमानिकांना प्रथम, खाजगी वैमानिकांना द्वितीय व हवाई वाहतूक नियंत्रकांना तृतीय वर्गाचे निकष लागू होतात. पुढील वर्षभरात हा वैमानिक उड्डाणात अचानक अक्षम होण्याचा संभव किती, एवढेच परीक्षकाला पाहायचे असते.

हा संभव वर्षाला १ टक्क्याहून कमी असावा, या दंडकाला ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणतात. त्याचा उगम पुष्कळदा १८ जून १९७२ च्या स्टेन्स (लंडनजवळ) येथील विमान अपघाताशी जोडला जातो. त्यात ११८ जण दगावले आणि शवविच्छेदनात कॅप्टनला तीव्र रोहिणीविकार (हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे) आढळला. मात्र नियमाचे गणित १९८० च्या दशकात ब्रिटनमधील कार्यशाळांतून आकारास आले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ते असे : प्राणघातक अपघात १ कोटी उड्डाणतासांत एकापेक्षा जास्त नको. त्यात वैमानिकाच्या चुकीचा वाटा दहावा भाग, आणि त्यातही आजारपणाचा वाटा दहावा; म्हणजे १०० कोटी तासांत एक. उड्डाणाचा सुमारे दहावा भागच (विमान जमिनीवरून उठणे व उतरणे) निर्णायक असतो, आणि त्या काळातही शंभरपैकी एखादाच प्रसंग सहवैमानिकाच्या हातून निसटतो, असे गृहीत धरले आहे. म्हणून १० लाख तासांत एक अक्षमता चालते. वर्षाचे ८,७६० तास धरता हे प्रमाण १ टक्क्याच्या जवळ येते. सारा हिशेब सहवैमानिकावर उभा असल्याने एकट्याने चालवायच्या विमानाला तो लावणे चूक ठरते. मर्यादा २ टक्के करावी असेही काही तज्ज्ञ सुचवितात.

विश्रांत अवस्थेतील ईसीजी (हृदयाचा विद्युत् आलेख) पहिल्या तपासणीत घेतात. इकाओनुसार प्रथम वर्गात तिशीनंतर दोन वर्षांतून एकदा व पन्नाशीनंतर दरवर्षी. अमेरिकेत पहिला ३५ व्या वर्षी, चाळिशीनंतर वार्षिक. छातीवरचे इलेक्ट्रोड (व्ही-१, व्ही-२) एक फासळी-अंतर वर लागले तरी उजव्या शाखेचा अडथळा (हृदयाच्या उजव्या भागाकडे जाणाऱ्या विद्युत् संदेशातील अडथळा) असल्याचा भास होतो, म्हणून असा आलेख आधी पुन्हा काढावा. लक्षणे नसलेल्या तरुणांत ट्रेडमिल चाचणीची ‘सदोष’ उत्तरे बहुधा खोटी निघतात, कारण त्या वयात आजारच विरळ. रक्तदाबाची कमाल मर्यादा युरोपात १६०/९५, अमेरिकेत १५५/९५. डॉक्टरसमोरच दाब चढत असेल, तर २४ तासांची नोंद निर्णायक धरतात. काही औषधे, विशेषतः उभे राहताच दाब पाडणारे अल्फा-रोधक, नियंत्रण साधूनही अडचणीची ठरतात.

हृदयविकाराचा झटका, बायपास किंवा स्टेंट यांनंतर युरोपीय नियमांत किमान ६ महिने उड्डाण बंद असते. पुढे डाव्या निलयाचा (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा) उत्क्षेपांश, म्हणजे दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचा वाटा, ५० टक्के वा अधिक हवा. उपचार न केलेल्या प्रमुख हृद्‌रोहिणीत ५० टक्क्यांहून अधिक आणि डाव्या मुख्य रोहिणीत ३० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा नको. इतके जमल्यावरही परवान्यावर ‘सहवैमानिकासहच’ अशी अट पडते.

जन्मजात दोन पाकळ्यांची महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) झडप अन्य दोष नसल्यास चालते, पण महारोहिणीच्या रुंदीवर लक्ष ठेवावे लागते. अलिंद कंपनात (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीत) अशा थरथरीची पुनरावृत्ती आणि रक्त पातळ करणारी औषधे या दोहोंचा विचार होतो. पेसमेकरवर पूर्णपणे अवलंबून असलेल्यास, तसेच विद्युत् धक्का देणारे यंत्र बसविलेल्यास, परवाना मिळत नाही.