पाळीपूर्व लक्षणसमूह

मासिक पाळी येण्याआधीच्या साधारण आठवडाभरात दर महिन्याला सुरू होणारा आणि पाळी आल्यावर दोन-चार दिवसांत ओसरणारा शारीरिक व मानसिक त्रास. रोजच्या बोलण्यात ‘पीएमएस’ (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम). छाती जड होणे, पोट फुगणे, डोके व कंबर दुखणे, झोप बिघडणे, चिडचिड, एवढ्या-तेवढ्यावरून रडू कोसळणे ही नेहमीची लक्षणे. पाळीला मराठीत ‘अडचण’, ‘कावळा शिवणे’ असे आडवळणाचे शब्द आहेत. तिच्याआधीच्या दिवसांना मात्र घरगुती नाव नाही. त्यामुळे हा त्रास बाईच्या स्वभावावर ढकलला जातो, आणि हा तिच्यावर अन्याय आहे.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये याचे वर्णन केले. आजचे नाव १९५३ मध्ये ब्रिटनच्या कॅथरिना डाल्टन व रेमंड ग्रीन यांच्या लेखातून रूढ झाले. अंडमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून अंडे बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढते आणि पाळी जवळ आली की झपाट्याने उतरते. त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये संप्रेरकांचे प्रमाण सहसा इतरांसारखेच असते. त्यांचा मेंदू या चढउताराला अधिक संवेदनशील असतो. म्हणूनच रक्ततपासणीत पीएमएस सापडत नाही.

तो सापडतो नोंदीत. ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात, त्यावरच पाळीच्या तारखेला गोल करण्याची अनेकींना सवय असते. त्याच चौकटीत झोप, चिडचिड, पोट यांना शून्य ते तीन असे आकडे रोज रात्री द्यावेत, सलग दोन पाळ्या. महिनाअखेरीस आठवून भरलेले आकडे फसवतात. पाळीनंतरच्या आठवड्यात शून्येच राहिली, तर पीएमएसची शक्यता मोठी. तिथेही आकडे तसेच असतील, तर नैराश्य, थायरॉइड, रक्तक्षय यांची तपासणी हवी.

सौम्य त्रासात नियमित व्यायाम, पुरेशी झोप आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम उपयोगी पडते. त्रास जास्त असेल, तर बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा संवादातून होणारा उपचार), काही गर्भनिरोधक गोळ्या किंवा सेरोटोनिन या मेंदूतील रसायनावर काम करणारी औषधे देतात. या औषधांना नैराश्यात काही आठवडे लागतात, इथे बरेचदा काही दिवसांतच गुण येतो. काहींना ती पाळीआधीचे दोन आठवडेच पुरतात.

याच्या अतितीव्र रूपाला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार मानले. त्यात जगणे नकोसे वाटू शकते. अशा वेळी ‘पाळी आली की बरे वाटेल’ म्हणून थांबू नये, नोंदी पुऱ्या होण्याचीही वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते.