स्लीप टेक्नॉलॉजीमधील असोसिएट पदवी (अमेरिका)

झोपेच्या विकारांची तपासणी करणारा तंत्रज्ञ घडवणारा, साधारण दोन वर्षांचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम. अमेरिकेत तो बहुधा कम्युनिटी कॉलेजात शिकवला जातो आणि पॉलिसोम्नोग्राफी (झोपेतल्या शरीरक्रियांची नोंद) या नावाने ओळखला जातो. मिळणारी पदवी बहुतेक ठिकाणी ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ ही असते. याच विषयाचा साधारण वर्षभराचा सर्टिफिकेट अभ्यासक्रमही असतो. प्रवेश घेणाऱ्यांत नोकरी करणारे, मुलेबाळे असलेले आणि दुसरे करिअर शोधणारे बरेच असतात. त्यामुळे खर्चाचे नियोजन हा इथे अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा भाग ठरतो.

काम रात्रीचे, साधारण संध्याकाळी सात ते सकाळी सात. प्रौढ रुग्णांच्या लॅबमध्ये एका तंत्रज्ञाकडे सहसा दोन रुग्ण असतात. टेपने डोके मोजून, पेन्सिलने खुणा करून, कातडी घासून इलेक्ट्रोड चिकटवायचे. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटी आणि पाय यांचे स्नायू, हृदय, नाकातला हवेचा प्रवाह, छाती-पोटाचे पट्टे, रक्तातला ऑक्सिजन हे सगळे एकाच वेळी नोंदले जाते. इलेक्ट्रोडचा अडथळा पाच किलोओहमच्या आत आणण्याची खटपट संपली की तंत्रज्ञ शेजारच्या खोलीतून माइकवर सांगतो: डोळे मिटा, डावी-उजवीकडे पाहा, दात आवळा, घोरल्यासारखा आवाज काढा, पाऊल हलवा. यातून प्रत्येक तार नीट वाचते आहे ना, ते कळते. मग दिवे बंद. रात्रभराची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचून झोपेचे टप्पे ठरवतात. श्वास किमान दहा सेकंद थांबला तर ती घटना अ‍ॅप्निया म्हणून मोजली जाते. झोपेत श्वास थांबण्याचा आजार स्पष्ट असेल तर सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून सतत दाबाने हवा देणारे उपकरण, लावून पाण्याच्या ४ सेंटिमीटर दाबापासून हळूहळू दाब वाढवत नेतात. हे उपकरण १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणले. त्यानंतर स्लीप लॅबला उपचाराचे हत्यार मिळाले आणि हा व्यवसाय वाढला.

या क्षेत्रातले सर्वांत जुने प्रमाणपत्र म्हणजे आरपीएसजीटी (रजिस्टर्ड पॉलिसोम्नोग्राफिक टेक्नॉलॉजिस्ट). ते बीआरपीटी ही संस्था देते आणि त्यासाठीची परीक्षा १९७९ पासून होते. ते मिळवायला असोसिएट पदवी सक्तीची नाही. लॅबमध्ये काम करत ठरावीक तास भरून आणि अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनचा ए-स्टेप प्रशिक्षणक्रम पूर्ण करूनही परीक्षेला बसता येते. मग पदवी घ्यायची कशाला? न्यूयॉर्क राज्यात तंत्रज्ञाच्या अधिकृत परवान्यासाठी किमान असोसिएट पदवी लागते. न्यू जर्सी, मेरिलँड, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांचे आपापले परवाना किंवा नोंदणीचे नियम आहेत. बाकी अनेक राज्यांत असा कायदा नाही, तिथे रुग्णालय काय मागते हेच निर्णायक. म्हणून नियोजनाची सुरुवात कॉलेजच्या माहितीपत्रकाने नव्हे, तर आपण ज्या राज्यात काम करणार तिथल्या नियमाने करावी. ही साधी गोष्ट बरेच जण शेवटी पाहतात.

मान्यतेचा गोंधळ याहून महागात पडतो. संपूर्ण कॉलेजची मान्यता वेगळी आणि त्या अभ्यासक्रमाची वेगळी. सरकारी मदत आणि क्रेडिटचे (पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या एककांचे) हस्तांतर पहिलीवर अवलंबून असते, तर परीक्षेला बसण्याचा सोपा मार्ग दुसरीवर. पॉलिसोम्नोग्राफीला ही दुसरी मान्यता सीएएएचईपी हे मंडळ देते. एखादी खासगी संस्था ‘मान्यताप्राप्त’ एवढेच छापते तेव्हा नेमकी कोणती मान्यता, हे विचारून घ्यावे आणि मंडळाच्या यादीत नाव स्वतः तपासावे. असे अभ्यासक्रम मुळात फार नाहीत, विद्यार्थी कमी पडले की बंदही होतात.

खर्चाचा अंदाज नॉर्थ कॅरोलायनावरून येतो. या राज्यात पिट आणि कटॉबा व्हॅली या कम्युनिटी कॉलेजांनी हा विषय असोसिएट पातळीवर शिकवला आहे. राज्यातल्या रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेजचा दर अनेक वर्षे क्रेडिटमागे ७६ डॉलर राहिला, बाहेरच्यांसाठी २६८. पदवीला ७० क्रेडिट धरले तर रहिवाशाची शिकवणी फी ५,३२० डॉलर होते आणि बाहेरच्याची १८,७६०. म्हणजे ‘कोणते कॉलेज स्वस्त’ यापेक्षा ‘मी कुठला रहिवासी’ हा प्रश्न मोठा. पुस्तके, गणवेश, लसी, पार्श्वभूमी तपासणी आणि परीक्षेचे शुल्क यात धरलेले नाही.

केंद्र सरकार कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना देते त्या पेल ग्रँटची कमाल रक्कम २०२५-२६ साठी वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. ती परत करावी लागत नाही. त्यासाठी फाफ्सा हा केंद्राच्या शिक्षण-मदतीचा अर्ज भरावा लागतो, तो फुकट आहे. तो भरून देण्याचे पैसे मागणारा भेटला तर सरळ नमस्कार करावा. पूर्ण ग्रँट मिळणाऱ्या रहिवाशाची कम्युनिटी कॉलेजातली फी बहुधा सगळी निघते. क्रेडिट कमी घेतले तर ग्रँटही त्या प्रमाणात कमी होते. शिवाय टेनेसी प्रॉमिस, न्यू जर्सीची कम्युनिटी कॉलेज अपॉर्च्युनिटी ग्रँट अशा राज्यांच्या योजना आहेत. आधीच रुग्णालयात नोकरी असेल तर मालकाने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. स्वतः फी भरणाऱ्याला ‘अमेरिकन अपॉर्च्युनिटी’ ही वर्षाला कमाल २,५०० डॉलरची करसवलत घेता येते, पण ग्रँटने भागलेला खर्च तिच्यात पुन्हा दाखवता येत नाही.

सामान्य शिक्षणाचे विषय, म्हणजे इंग्रजी, गणित, मानसशास्त्र, क्लेप या, वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षेतून स्वस्तात उरकता येतात. मात्र कॉलेज ते क्रेडिट स्वीकारते हे लेखी घेऊन ठेवावे. शरीररचनाशास्त्राचे तसे नाही: तो विषय प्रयोगशाळेसह करावा लागतो आणि काही वर्षांपूर्वीचे क्रेडिट पुष्कळ कॉलेजे जुने म्हणून नाकारतात.

फीच्या पावतीत न दिसणारा खर्च क्लिनिकलचा. ही प्रशिक्षण-सत्रे रात्री असतात आणि बहुधा बिनपगारी. दिवसा काम करून रात्री लॅबमध्ये उभे राहणे बहुतेकांना झेपत नाही. पगार बुडतो, मुलांना सांभाळायला कोणी लागते, लॅब लांब असेल तर पेट्रोलही. म्हणून क्लिनिकल कोणत्या रुग्णालयात आणि आठवड्यातून किती रात्री, हे फीच्या आकड्याआधी विचारावे. ऑनलाइन अभ्यासक्रमांतही हा भाग घरबसल्या होत नाही.

२००८ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, घरी करायच्या झोप-चाचणीला मान्यता दिली. त्यानंतर साधे अ‍ॅप्नियाचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर घरच्या यंत्राकडे वळले. लॅबमध्ये आता जास्त करून गुंतागुंतीचे रुग्ण येतात: हृदयविकाराचे, मेंदूकडून श्वासाचा संकेत न येणारे, लहान मुले, नार्कोलेप्सीचा (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचा) संशय असलेले. त्यामुळे फक्त तारा चिकटवण्याचे कौशल्य पुरत नाही. रेस्पिरेटरी थेरपीची (श्वसनोपचाराची) असोसिएट पदवी घेऊन नंतर झोपेचे विशेष प्रमाणपत्र घेणारेही आहेत. तो रस्ता अधिक अवघड आणि काहीसा महाग, पण लॅब बंद पडली तरी अतिदक्षता विभागात काम मिळते. नोकरीची धास्ती असलेल्याने दोन्ही हिशेब शेजारी मांडून पाहावेत. आरपीएसजीटी मिळाल्यावरही दर पाच वर्षांनी पन्नास शिक्षण-क्रेडिट दाखवून त्याचे नूतनीकरण करावे लागते.

न्यू जर्सीसारख्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत भारतातून फिजिओथेरपी, बीएएमएस किंवा बीएचएमएस केलेल्यांना हा विषय जवळचा वाटू शकतो. भारतातील गुणपत्रिकांचे मूल्यमापन करून घेतले तर सामान्य शिक्षणाचे बरेच क्रेडिट सुटू शकतात. पण व्हिसानुसार गणित बदलते. ग्रीन कार्डधारकाला पेल ग्रँट मागता येते. एच-४ (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना केंद्राची मदत नाही, आणि एफ-१ विद्यार्थ्याला बहुधा बाहेरच्यांची फी भरावी लागते. एच-४ वर शिकता येते, पण कामाचा परवाना नसेल तर पगारी नोकरी नाही. त्यामुळे लॅबमध्ये नोकरी धरून तास भरण्याचा मार्ग त्यांना बंद असतो आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची क्लिनिकल सत्रे हाच व्यवहार्य रस्ता उरतो.