सत्तरी ओलांडलेल्या निवृत्तांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

पेन्शन किती, घर स्वतःचं आहे का, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, यातलं काहीही या कार्डासाठी विचारलं जात नाही. आधारवर वय ७० पूर्ण झालेलं असलं की पुरे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे कार्ड मिळतं आणि त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात. मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, प्रतीक्षाकाळ नाही.

हे ५ लाख माणशी नाहीत, कुटुंबाला मिळून आहेत. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर रक्कम दोघांत वापरायची. नवरा ७२ आणि बायको ६७ वर्षांची असेल तर या कार्डावर तिचे उपचार होत नाहीत. घरात आधीपासून आयुष्मान कार्ड असलं, तरी सत्तरीपुढच्यांना हे ५ लाख वेगळे मिळतात. मात्र त्यासाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, पुन्हा करावी लागते. जुनं कार्ड आहेच म्हणून बरेच जण इथेच थांबतात आणि वाढीव रकमेला मुकतात.

केंद्र सरकारच्या निवृत्तांनी मात्र घाई करू नये. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची योजना असेल तर तिच्यात राहायचं की वय वंदना घ्यायचं, यातलं एकच निवडता येतं. सीजीएचएसमध्ये दवाखान्यातली तपासणी आणि महिन्याची औषधंही मिळतात. वय वंदना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. नुसत्या ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही. रोजच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने सीजीएचएस सोडणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी (कामगार विमा) असेल तर अशी अट नाही, दोन्ही ठेवता येतात.

अर्ज आयुष्मान ॲपवर किंवा 'बेनिफिशरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावर करता येतो. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून लाभार्थी म्हणून आत जा, ७० वर्षांपुढील नोंदणीचा पर्याय निवडा, राज्य, जिल्हा आणि आधार क्रमांक भरा. ई-केवायसी झाली की दुसऱ्या सरकारी योजनेबद्दलचं घोषणापत्र येतं. ते वाचूनच खूण करा, कारण वरची निवड इथेच होते. मग फोटो, पिनकोड, कुटुंबीयांची माहिती. मंजुरी मिळाली की कार्ड डाउनलोड करायचं.

कागद एकच, आधार. आणि बहुतेक अर्ज अडतात तेही त्याच्यामुळेच. आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो, मग ओटीपी येत नाही. अशा वेळी बोटांचे ठसे किंवा चेहरा वापरून ई-केवायसी होते. ठसे झिजलेले असतील तर चेहऱ्याचा पर्याय घ्या. आधारवर जन्मसाल चुकून पुढचं पडलं असेल, तर शाळेचा दाखला किंवा पेन्शनची कागदपत्रं इथे चालत नाहीत. आधी आधार केंद्रात जन्मतारीख दुरुस्त करून घ्या.

रुग्णालय योजनेत असलं तरी तिथला प्रत्येक विभाग योजनेत असेलच असं नाही. गुडघा बदलायचा असेल तर अस्थिरोग विभागाबद्दल नेमकं विचारा. महाराष्ट्रात ही चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे करावी. दाखल होतानाच कार्ड दाखवा, म्हणजे उपचारासाठी योजनेची पूर्वपरवानगी वेळेत मागवली जाते. आधी पैसे भरून नंतर परतावा मागण्याचा मार्ग धरू नका. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी अनामत रक्कम मागितली तर तिथूनच १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.