परात्मभाव, श्रमातील

परात्मभाव, श्रमातील : आपले काम, त्या कामाचे फळ आणि पर्यायाने भोवतालची माणसे परकी होण्याची अवस्था. ‘परात्मता’ व ‘दुरावा’ हे शब्दही रूढ आहेत. मात्र ‘दुरावा’ला घरगुती रुसव्याची छटा असल्याने तत्त्वज्ञानात तो अपुरा पडतो.

संकल्पनेचे मूळ सामान्यतः जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या १८०७ मधील ‘फेनोमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट’ या ग्रंथात शोधतात. तेथे दोन शब्द आहेत : एंटऑयसरुंग (स्वतःतले काही बाहेर काढणे, हक्क सोडणे) व एंटफ्रेमडुंग (परके होणे). हेगेलच्या मते चैतन्याच्या वाटचालीत हे परकेपण टळत नाही. जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखने १८४१ मध्ये हा विचार धर्माला लावला : माणूस आपलेच गुण देवाला वाहून स्वतः रिता होतो. कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये पॅरिसमधील टिपणांत तो मजुरीला लावला. दोन्ही शब्द तो बऱ्याचदा एकाच अर्थाने योजतो, त्यामुळे भाषांतरकारांची ओढाताण होते. ही टिपणे जर्मनमध्ये १९३२ साली छापली गेली. ‘परात्म श्रम’ हे प्रकरणाचे नावही संपादकांनी दिलेले. हंगेरियन मार्क्सवादी विचारवंत लुकाचने वस्तुकरणाची (माणसांमधील संबंध वस्तूंसारखे भासण्याची) मांडणी १९२३ मध्ये, म्हणजे ही टिपणे हाती नसतानाच केली. मार्क्सच्या विचारात १८४५च्या सुमारास खंड पडला व परात्मभाव मागे राहिला, असे फ्रेंच मार्क्सवादी तत्त्वज्ञ अल्थुसेर मानतो. तथापि मार्क्सच्या १८५७-५८च्या हस्तलिखितांतही ही परिभाषा येते. सातत्याचा पक्ष त्यामुळे अधिक ग्राह्य ठरतो.

वस्तू, क्रिया, मनुष्यत्व व इतर माणसे यांपासूनचे तुटलेपण ही परात्मभावाची चार अंगे. सर्जनशीलतेचा संबंध मुख्यतः तिसऱ्याशी. मधमाशीचे पोळे कितीही रेखीव असले, तरी वास्तुकार घर आधी मनात बांधतो, हा मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथातील दाखला प्रसिद्ध आहे. इंग्लिश कवी मिल्टनने मात्र रेशमाच्या किड्यासारखे, स्वभावधर्म म्हणून काव्य रचले, असेही मार्क्स म्हणतो. हे दोन दाखले सहज जुळत नाहीत.

चौथ्या अंगाचे विवेचन त्रोटक आहे आणि पुढे १८४४च्या टिपणांतील पहिले हस्तलिखितच अर्धवट तुटते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मिलवरील मार्क्सच्या टिपणात मात्र, माझी वस्तू वापरून तुझी गरज भागली की त्यात माझेही माणूसपण सिद्ध होते, असा विचार आहे. शेजारी काम करणारे दोघे एकमेकांचे कोण, हे तेथेही फारसे येत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ब्लाउनरने १९६४ मध्ये छपाई, कापड, मोटार व रसायन या उद्योगांची तुलना केली. मोटारींच्या जुळणीत परात्मभाव तीव्र, तर छपाई कारागिरांत कमी आढळला. समाजशास्त्रज्ञ होक्शिल्डने १९८३ मध्ये विमानातील सेविकांचे हसू हेही विकलेले श्रम मानले.