स्पोर्ट आणि टूरिंग टायर (मोटारसायकल)

रस्त्यावर चालणाऱ्या ताकदवान मोटारसायकलींसाठी मिळणाऱ्या रेडियल (सांगाड्याचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असलेल्या) टायरांचे हे दोन मुख्य प्रकार. स्पोर्ट टायर कोरड्या रस्त्यावर, तापल्यानंतर, घट्ट पकड देण्यासाठी आणि वळणात चटकन झुकण्यासाठी बनवतात. टूरिंग टायरकडून थंडीत व पावसात भरवसा आणि लांब पल्ल्यावर टिकाऊपणा अपेक्षित असतो. आज दुकानात ‘टूरिंग’ म्हणून जे पुढे केले जाते, ते बहुधा स्पोर्ट-टूरिंग या मधल्या वर्गातले असते: मिशेलिन रोड, पिरेली एंजल जीटी, ब्रिजस्टोन बॅटलॅक्सची टी मालिका, मेट्झेलर रोडटेक. स्पोर्टच्या बाजूला मिशेलिन पॉवर, पिरेली डायब्लो रोसो, बॅटलॅक्सची एस मालिका ही नावे येतात. त्याही पलीकडे डायब्लो सुपरकोर्सासारखे, रस्त्यावर चालवता येणारे पण मनाने ट्रॅकचे असलेले टायर आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

इंजिनाची ताकद जेवढी जास्त तेवढा टायर चिकट हवा, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ताकदीला तोंड देण्याचे काम मुख्यतः टायरच्या सांगाड्याचे, म्हणजे रबराखालच्या धाग्या-तारांच्या बांधणीचे, असते, वरच्या रबराचे नंतर. १९८३ मध्ये पिरेलीने एमपी ७ हा रेडियल टायर आणला आणि त्यानंतर जलद मोटारसायकलींवर रेडियल बांधणी रुळली. मागच्या टायरात परिघाच्या दिशेने गुंडाळलेली पोलादी तार असली, की अतिवेगात केंद्रोत्सारी जोराने टायर फुगत नाही. ही बांधणी आता दोन्ही वर्गांत सापडते. त्यामुळे योग्य मापाचा आणि वेग-भार मर्यादेचा स्पोर्ट-टूरिंग टायर सुमारे १९० अश्वशक्तीच्या सुझुकी हायाबुसावरही बिनधास्त चालतो. मूळ कंपनीने गाडी स्पोर्ट टायरवर दिली म्हणून पुढेही तोच घ्यायला हवा, असे नाही.

खरा फरक तापमानाचा आहे. रबर थंड असताना ताठ राहते आणि डांबराच्या बारीक खडबडीत भरत नाही. तापले की लवचिक होऊन पकडते. स्पोर्ट टायरचे रबर जास्त तापमानाला खुलते. शर्यतीत तर टायर गरम करणारी वेष्टने लावून ते सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत आधीच तापवतात. रस्त्यावर ही सोय नसते. सरळ महामार्गावर एका वेगाने जाताना टायर वाऱ्याने निवतो. त्याच्या कडा तर वापरातच नसल्याने गार राहतात, आणि पहिल्या वळणात भार नेमका त्यांच्यावर येतो. टूरिंग टायरमध्ये सिलिकाचे (रबरात मिसळायच्या एका पुडीचे) प्रमाण बहुधा जास्त ठेवतात. त्यामुळे रबर कमी तापमानाला, ओल्या रस्त्यावरही लवचिक राहते. सकाळच्या गारव्यात घरातून निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत टूरिंग टायर स्पोर्टपेक्षा जास्त पकड देतो, हे अनेक अनुभवी चालकांनाही पटत नाही.

पकड किती लागते याचा हिशोब सोपा आहे. स्थिर वेगाने वळण घेताना टायर व रस्ता यांच्यातला आवश्यक घर्षण गुणांक हा झुकावाच्या कोनाच्या टॅन्जंटइतका धरता येतो. ३० अंशांना तो ०.५८ होतो, ४५ अंशांना बरोबर १. चांगल्या कोरड्या डांबरावर तापलेला आधुनिक टायर, मग तो कोणत्याही वर्गातला असो, १ च्या आसपास पोचतो. मोटोजीपी या जागतिक शर्यतीतले चालक ६० अंशांपलीकडे झुकतात ते खास रबर आणि खास ट्रॅकच्या जोरावर. सार्वजनिक रस्त्यावर वाळू, डिझेलचे डाग, समोरून येणारी वाहने आणि न दिसणारे पुढचे वळण यांमुळे शहाणा चालक ३५ अंशांच्या फार पुढे जात नाही. म्हणजे कोरड्यात स्पोर्ट टायर जी जादा पकड देतो, ती रस्त्यावर बहुतेकदा वापरलीच जात नाही. ओल्यात मात्र दोघांमधली तफावत रोज जाणवते. टायरच्या कडेला न झिजलेली पट्टी दिसली, म्हणजे चालक पुरेसा झुकलाच नाही, म्हणून त्याची थट्टा करण्याची एक रीत आहे. ती पट्टी टायर निवडताना उपयोगी पडते, पण वेगळ्या अर्थाने: ती रुंद असेल तर स्पोर्ट टायरवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

तरीही स्पोर्ट टायरची एक गोष्ट मंद वेगातही कळते, ती म्हणजे आकार. त्याचा माथा अधिक उंच व टोकदार असतो, त्यामुळे गाडी हलक्या इशाऱ्याला झुकते. हाच परिणाम मापानेही मिळतो. १९०/५० या टायरची रुंदी १९० मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ५० टक्के, म्हणजे ९५ मिलिमीटर असते. १९०/५५ मध्ये ती १०४ मिलिमीटरच्या वर जाते. गाडीचा मागचा भाग थोडा उचलला जातो आणि वळणे चपळ होतात. मात्र चाकाचा परीघ वाढल्याने गिअरिंग किंचित लांबते, म्हणजे त्याच इंजिन-फेऱ्यांत गाडी थोडी जास्त धावते, आणि साखळी वा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) टायर घासत नाही ना, हे पाहावे लागते. त्याच ओळीत पुढे ‘झेडआर १७ (७३डब्ल्यू)’ असे काही छापलेले असते. झेडआर म्हणजे ताशी २४० किलोमीटरच्या वर चालणारा रेडियल, १७ हा रिमचा इंचांतला व्यास, ७३ म्हणजे ३६५ किलो भार, आणि कंसातला डब्ल्यू ताशी २७० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाची परवानगी दाखवतो. मागे जोडीदार आणि पेट्या भरून नेणाऱ्याने भाराचा आकडा वाचलाच पाहिजे. अशा जड गाड्यांसाठी काही टूरिंग टायर ‘जीटी’ या वेगळ्या आवृत्तीत, ताठ सांगाड्यासह मिळतात.

टिकाऊपणाचे आकडे गाडी, रस्ता आणि थ्रॉटल पिळणारे मनगट यांवर ठरतात. ढोबळमानाने मागचा स्पोर्ट टायर चार ते सहा हजार किलोमीटर आणि स्पोर्ट-टूरिंग दहा हजार किंवा अधिक जातो. मधोमध कठीण आणि कडांना मऊ अशी दोन रबरांची रचना याचसाठी आली. मिशेलिनचा पायलट पॉवर २सीटी हे तिचे ठळक उदाहरण. आता ती दोन्ही वर्गांत सापडते, पण महामार्गाचा झीजरोग तिनेही पूर्ण बरा होत नाही. सरळ धावून मधला पट्टा सपाट झाला की टायर ‘चौकोनी’ होतो. मग वळणात शिरताना गाडी आधी अडते, सपाट भागाची कड ओलांडली की एकदम आत पडते आणि झुकलेल्या अवस्थेत हँडल सतत दाबून ठेवावे लागते. खाचांची खोली अजून शिल्लक दिसते म्हणून लोक असा टायर चालवत राहतात. टूरिंग टायरवर हा दोष जास्त दिसतो, कारण तो तितके दिवस जगतो.

या टिकाऊपणाला वयाची मर्यादा आहे. बाजूच्या अंडाकृती चौकटीत टायर बनवल्याची चार अंकी तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीवर टूरिंग टायर झिजण्याआधी म्हातारा होऊन कडक पडतो. अशा मालकाला जादा किलोमीटरांचे पैसे मोजून हाती काही लागत नाही. कोरड्या दिवशी, हौसेने, वळणांच्या रस्त्यावरच गाडी काढणार असेल तर त्याने स्पोर्टच घ्यावा. उलट महामार्गावरून रोज कामाला जाणाऱ्याने तो घेतला तर काही महिन्यांत पुन्हा टायरच्या दुकानात उभे राहावे लागते.

ट्रॅकवर जायचे असेल तर चित्र उलटते. सततच्या जोरदार ब्रेक-वेगाने टूरिंग टायरचे खोल खाचांमधले रबराचे तुकडे हलतात, रबर अति तापून गुळगुळीत होते आणि पकड हळूहळू सुटू लागते. स्पोर्ट टायरचा थर पातळ व खाचा कमी असल्याने तो हे सहन करतो. ट्रॅकवर हवेचा दाब कमी करतात, आणि ते पाहून रस्त्यावरही तसेच करणारे आढळतात. रस्त्यावर ते चुकीचे आहे. अनेक मोठ्या गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) सांगितलेले असते. भार व वेग असताना यापेक्षा दाब कमी ठेवला तर सांगाडा जादा वाकून तापतो, गाडी जड वळते आणि टायर कडांनी खाल्ला जातो.

मागचा टायर लवकर संपतो म्हणून पुढे स्पोर्ट आणि मागे टूरिंग अशी जोडी काही जण लावतात. उत्पादक एकाच मॉडेलची जोडी सुचवतात, कारण दोन्हींची वळण्याची चाल आणि ओल्यातली पकड जुळलेली असते. तरी त्याच कंपनीची अशी मिश्र जोडी सावध चालकांकडे ठीक चालताना दिसते. उलटी, म्हणजे पुढे टूरिंग व मागे स्पोर्ट, ही जोडी मात्र कोणत्याच बाजूने फायद्याची नाही. जोडी कोणतीही असो, नवा टायर बसवल्यावर त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग निघेपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळूहळू झुकाव वाढवत चालवतात.