रेंज फुल्ल, नेट ढिम्म

एक्स्टेंडर (राउटरचं वायफाय पकडून पुढे पोचवणारं यंत्र) लावला, मोबाइलवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरल्या, तरी व्हिडिओ आपला गोल गोल फिरतोय. इथे गफलत होते ती दांड्या वाचण्यात. त्या मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या जोडणीच्या असतात. एक्स्टेंडरला राउटर कितपत ऐकू येतोय, हे त्यातून कळतच नाही.

नेट जिथे पोचत नाही, नेमक्या त्याच खोलीत एक्स्टेंडर लावणं म्हणजे ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही त्याच्या हाती कर्णा देणं. जागा मोजून ठरवा. अँड्रॉइडवर वायफाय अॅनलायझर प्रकारचं अॅप टाका, फोन राउटरच्याच वायफायला जोडा आणि एक्स्टेंडरच्या प्लगपाशी उभे राहा. उणे ५५ ते उणे ६५ डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजायचं एकक) आकडा दिसला तर जागा चांगली. उणे ७० च्या खाली (उणे ७५, उणे ८०) गेला तर राउटरकडे सरका.

हा आकडा फसवा आहे. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट, आणि दर १० अंकांना शक्ती दहावा हिस्सा उरते. म्हणजे उणे ६० ला १ नॅनोवॉट, तर उणे ८० ला त्याचा शंभरावा भाग. सिग्नल दणकट असतो तेव्हा वायफाय ५ (वायफायची एक पिढी) लहरीच्या एकेका चिन्हात ८ बिट कोंबतं (या पद्धतीला २५६-क्वाम म्हणतात). तो क्षीण झाला की गोंगाटात चिन्हं ओळखू येईनात, म्हणून ६, ४, २ करत शेवटी एकाच बिटावर येतं. जोडणी तुटत नाही, नुसती रांगते. त्यात एक्स्टेंडर एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) ऐकत आणि बोलत असेल तर प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) हवेतून दोनदा जातं आणि वेग निम्म्यावर येतो. राउटरशी ५ गिगाहर्ट्‌झवर आणि मोबाइलशी २.४ वर बोलणाऱ्या ड्युअल-बँड यंत्रात हे टळतं. खोक्यावरचं ‘१२००’ मात्र ३०० आणि ८६७ या दोन बँडच्या कागदी कमाल वेगांची बेरीज फुगवून लिहिलेलं असतं. ‘सिग्नल बूस्टर’ स्टिकर तर निव्वळ थाप: ना वीज, ना सर्किट, तो वाढवणार काय?

एक्स्टेंडर मुळात जोडलाच जात नसेल तर आधी सुरक्षेची सेटिंग बघा. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) बटण दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत दुसरीकडचं दाबावं लागतं, आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) वर असेल तर डब्ल्यूपीएस चालतच नाही. डब्ल्यूपीए२/३ मिश्र ठेवा किंवा ब्राउझरमधून एक्स्टेंडरच्या सेटिंगमध्ये राउटरचा पासवर्ड घाला. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर एक्स्टेंडर जुनाच घोकत बसतो. ५ गिगाहर्ट्‌झचं नाव यादीत दिसतच नाही? राउटर ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर (बँडच्या क्रमांक दिलेल्या भागावर) असेल. त्यातली बहुतेक रडारसोबत वाटून घेतलेली असतात आणि अनेक एक्स्टेंडर तिकडे फिरकत नाहीत. राउटरमध्ये ३६ ते ४८ पैकी एक निवडा.

जोडलं गेलं, पण ‘इंटरनेट नाही’ म्हणतंय? कॉम्प्युटरचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर आणि एक्स्टेंडर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एक्स्टेंडरचा बदला आणि त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा. पत्ते वाटणारा घरात एकच हवा.

एक्स्टेंडरला लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची खाच) आणि अॅक्सेस पॉइंट मोड (केबलने आलेलं नेट वायफायने देण्याची सेटिंग) असेल तर सरळ राउटरपासून केबल ओढा. १०० मीटरपर्यंत ती चालते, आणि पॅकेटची हवेतली एक फेरी वाचते.