निळ्या पिनेमागचा इतिहास : संगणक आणि पडद्याच्या जोडणीची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातील आमच्या सभागृहात ठेवलेले सगळे संगणक पाण्यात गेले आणि छताला टांगलेला प्रोजेक्टर तेवढा वाचला. पुढे नवे संगणक आले, पण पहिल्याच कार्यक्रमाच्या दिवशी लक्षात आले, की प्रोजेक्टरवरून खाली आलेली निळ्या तोंडाची १५ पिनांची व्हीजीए केबल लावायला त्यांच्यावर जागाच नव्हती. हा अनुभव आता अनेक शाळांना आणि कार्यालयांना येतो. त्याचे मूळ १९८० च्या दशकात आहे.

आयबीएमने १९८१ मध्ये सीजीए आणि १९८४ मध्ये ईजीए ही पडद्यावर रंगीत चित्र पाठवणारी कार्डे आणली, तेव्हा मॉनिटरची जोडणी ९ पिनांची होती आणि, आज आश्चर्य वाटेल, पण तिच्यातून जाणारा संदेश डिजिटल होता. प्रत्येक तार एक तर चालू असे, नाही तर बंद. त्यामुळे रंगांसाठी ६ तारा असलेल्या ईजीएला ६४ पेक्षा जास्त छटा पाठवता येत नसत. रंग वाढवण्यासाठी तारा वाढवत बसण्यापेक्षा लाल, हिरवा आणि निळा यांना एकेक तार देऊन तिच्यातील व्होल्टेज कमी-जास्त करणे सोयीचे होते. १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर आलेल्या व्हीजीएने हाच ॲनालॉग मार्ग धरला आणि जुन्या ९ पिनांच्याच मापाच्या कवचात तीन ओळींत १५ पिना बसवल्या. व्हीजीएचे मूळ चित्र ६४० × ४८० ठिपक्यांचे आणि १६ रंगांचे असले, तरी ते रंग आता २,६२,१४४ छटांमधून निवडता येत होते. ही मर्यादाही संगणकातील कार्डाची होती, तारेची नव्हती. म्हणूनच पडदे मोठे होत गेले तरी तीच पिन दीर्घकाळ पुरली. माझ्या मते तिच्या दीर्घायुष्याचे खरे कारण हेच आहे.

तिचा तोटा सपाट एलसीडी पडदे आल्यावर उघड झाला. व्हीजीएच्या काळातील काचेच्या नळीच्या मॉनिटरला ॲनालॉग संदेशच हवा असे. एलसीडीला मात्र प्रत्येक ठिपक्याचा आकडा लागतो. संगणकाने आकड्यांचे व्होल्टेज करायचे आणि मॉनिटरने त्या व्होल्टेजचे पुन्हा आकडे करायचे, या दुहेरी रूपांतरात अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि केबल लांब असेल तर अक्षरांशेजारी सावल्याही दिसतात.

१९९९ मध्ये आलेल्या डीव्हीआय या डिजिटल जोडणीने हे रूपांतर टाळले, पण जुन्यांची सोयही ठेवली. तिच्या डीव्हीआय-आय या प्रकारात चपट्या पात्याभोवती ४ जादा पिना असतात आणि त्यांतून ॲनालॉग संदेश जातो. डीव्हीआय-डी या प्रकारात त्या नसतात. म्हणून पहिल्याला साधी जोडपिन लावून व्हीजीए मॉनिटर चालतो, दुसऱ्याला चालत नाही.

डिसेंबर २००२ मध्ये सोनी, तोशिबा, फिलिप्स आदी कंपन्यांनी एचडीएमआय हे जोडणीचे नवे मानक प्रसिद्ध केले. चित्र पाठवण्याची त्याची रीत डीव्हीआयचीच होती. त्यात आवाजाची भर पडली आणि तोंड लहान होऊन १९ पिनांचे झाले. ते मुख्यतः टीव्हीसाठी घडले होते. संगणक क्षेत्राच्या व्हेसा या मानक-संस्थेने २००६ मध्ये २० पिनांचे डिस्प्लेपोर्ट आणले, ते मात्र वेगळ्याच तत्त्वावर: त्यात चित्राची माहिती छोट्या पाकिटांत बांधून जाते. बऱ्याच संगणकांचा डिस्प्लेपोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयचा संदेशही देऊ शकतो, म्हणून तेथून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारी केबल स्वस्त आणि साधी असते. तीच केबल उलटी करून एचडीएमआय संगणकाला डिस्प्लेपोर्ट मॉनिटर लावला, तर पडदा काळाच राहतो. दुकानात केबल मागताना संगणकाच्या बाजूला कोणते तोंड आहे आणि मॉनिटरच्या बाजूला कोणते, हे दोन्ही सांगणे त्यामुळे आवश्यक असते.

तोंड तेच राहून आतली क्षमता बदलते, ही पुढची अडचण. २००९ च्या एचडीएमआय १.४ वर ४के (३८४० × २१६० ठिपक्यांचे) चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, तर २०१३ च्या २.० वर ६० वेळा, आणि बाहेरून दोन्ही पोर्ट सारखेच दिसतात. २०१४ च्या २४ पिनांच्या यूएसबी टाइप-सीबाबतही तेच आहे: काही पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचे चित्र मिळते, काहींमधून केवळ चार्जिंग आणि फायलींची ने-आण होते.

इंटेल, एएमडी आणि काही संगणक व मॉनिटर उत्पादकांनी डिसेंबर २०१० मध्येच व्हीजीएला २०१५ पर्यंत निरोप देण्याचे जाहीर केले होते. प्रोजेक्टर मात्र संगणकापेक्षा जास्त वर्षे टिकतो आणि छतातून एकदा ओढलेली केबल सहसा कोणी बदलत नाही. आमच्या सभागृहात एचडीएमआयपासून व्हीजीए करणारा लहानसा कन्व्हर्टर लावावा लागला. त्याच्या आत आकड्यांचे पुन्हा व्होल्टेज करणारी चिप असते आणि तिला लागणारी वीज एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेतूनच मिळते.